छर्दी आणि जलशुष्कता : रुग्णास रुग्णालयात केव्हा पाठवावे?

काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका सकाळी बासष्ट वर्षांचे एक निवृत्त शिक्षक प्रस्तुत लेखकाच्या चिकित्सालयात आले. आदल्या रात्री सार्वजनिक जेवण झाले होते. पहाटेपासून नऊ वेळा उलटी व पाच-सहा वेळा द्रवमलप्रवृत्ती झालेली होती. नाडी द्रुत होती, परंतु रुग्ण नीट बोलत होता व स्वतःच्या पायांनी चालत आला होता. सूतशेखर, शंखवटी व लाजामंड अशी योजना करून त्यांना घरी पाठविले. सायंकाळी दूरध्वनीवरून विचारणा केली असता दुपारनंतर केवळ दोनच वेग आले असे मुलाने सांगितले. आम्ही समाधान मानले. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगाच धावत आला. वडील असंबद्ध बोलत होते आणि रात्रीपासून उचकी थांबत नव्हती. मूत्रप्रवृत्ती केव्हा झाली, हा प्रश्न आम्ही तेव्हा प्रथम विचारला. आदल्या दिवशी दुपारपासून ती झालेलीच नव्हती.

जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांच्यावर दोन वेळा डायलिसिस करावे लागले. ते बरे झाले, हे आमचे भाग्य. रक्तदाबासाठी ते रोज सकाळी मूत्रल घटक असलेली गोळी घेत असत. उलट्या होत असतानाही त्यांनी ती दोन्ही दिवस नियमाने घेतली होती. आम्ही त्याविषयी विचारले नव्हते आणि त्यांनीही सांगितले नव्हते.

या प्रसंगानंतर आम्ही छर्दीच्या रुग्णाकडे पाहण्याची रीत बदलली. उलट्या किती झाल्या यावर आता निर्णय करीत नाही. शरीरातील उदकाची स्थिती काय आहे, रुग्णाचे मन ठिकाणावर आहे काय, मूत्र येत आहे काय आणि दिलेले पाणी पोटात राहते काय, यांवर करतो. वेग कमी होणे म्हणजे उपशम असेलच असे नाही. ज्याच्या शरीरात बाहेर टाकण्यास काही उरलेले नाही व ज्याचे बल क्षीण झाले आहे, त्याचेही वेग कमी होतात.

संहितांतील इशारा

अत्ययिक अवस्था ओळखून रुग्ण पुढे पाठविणे ही आधुनिकांकडून घेतलेली गोष्ट आहे, असा समज आपल्यातील काहींचा असतो. तो बरोबर नाही. चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या विसाव्या अध्यायात छर्दीचे पाच प्रकार सांगितले आहेत, आणि त्याबरोबरच कोणती छर्दी हाती घेऊ नये हेही स्पष्ट केले आहे. क्षीण रुग्णाची सतत चालणारी, उपद्रवयुक्त, रक्त व पूय मिश्रित, मोरपिसावरील डोळ्यासारखी चंद्रिका दिसणारी छर्दी असाध्य मानली आहे. त्याच अध्यायात, वायू स्रोतसांचा अवरोध करून ऊर्ध्वगामी झाला असता मलमूत्रासारखा वर्ण व गंध असलेली, तृष्णा, श्वास व हिक्का यांनी युक्त छर्दी होते आणि ती शीघ्र प्राणहरण करते, असे वर्णन आहे. आंत्रावरोधाचा रुग्ण ज्याने एकदा पाहिला आहे त्याला हे वर्णन कशाचे आहे ते सांगावे लागणार नाही. आज हा रुग्ण शल्यकर्माने वाचतो. मात्र तो वेळेत तेथे पोहोचला पाहिजे.

सुश्रुताचार्यांचे उत्तरतंत्रातील विसूचिकेचे वर्णन तर अधिकच उपयुक्त आहे. दात, ओठ व नखे श्याव होणे, संज्ञा अल्प होणे, डोळे आत ओढले जाणे, आवाज क्षीण होणे व संधी शिथिल होणे ही त्यांनी सांगितलेली अरिष्टसदृश लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात तीव्र जलशुष्कतेची म्हणून दिलेली लक्षणे यांच्याशी ताडून पाहावीत. सुस्ती किंवा बेशुद्धी, खोल गेलेले डोळे, पाणी पिता न येणे किंवा अगदीच कमी पिणे, आणि चिमटीत धरलेली त्वचा पूर्ववत होण्यास दोन सेकंद किंवा अधिक वेळ लागणे, अशी ती चार लक्षणे असून यांपैकी कोणतीही दोन आढळली तर अवस्था तीव्र समजावयाची असते. माधवनिदानात विसूचिकेचे जे पाच दारुण उपद्रव सांगितले आहेत, त्यांत निद्रानाश, अरती, कंप व विसंज्ञता यांच्या जोडीला मूत्राघात आहे. आमच्या शिक्षक रुग्णाच्या बाबतीत आम्ही ग्रंथ वाचलेला होता, पण रुग्णाला तो प्रश्न विचारला नव्हता.

लंघन म्हणजे पाणीबंदी नव्हे

येथे एका गैरसमजाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते, कारण त्यातून होणारी हानी आपल्या शास्त्राच्या नावावर जमा होते. सर्व छर्दी आमाशयाच्या उत्क्लेशातून उत्पन्न होतात म्हणून आरंभी लंघन करावे, असा चरकाचा आदेश आहे. त्याच ठिकाणी वातज छर्दीचा अपवाद केलेला आहे, हे मात्र विसरले जाते. दीर्घकाळ उलट्या होऊन शुष्क झालेला, तोंड कोरडे पडलेला, मूर्धा व हृदयात पीडा असलेला रुग्ण आरंभी कोणत्याही दोषाचा असो, आता तो वातप्रधान अवस्थेत गेलेला असतो. त्यास लंघन देणे ग्रंथाला धरून नाही.

लंघनात अन्न वर्ज्य आहे. उदकवह स्रोतसांची दुष्टी झालेल्या रुग्णाचे पाणी तोडावे, असे कोठेही सांगितलेले नाही. उलट तालू व क्लोम ही ज्यांची मूलस्थाने आहेत त्या स्रोतसांचा वेध झाल्यास पिपासा व सद्योमरण होते, असे सुश्रुत शारीरस्थानात सांगतात. तरीही घराघरांतून “पाणी दिले की उलटी होते, म्हणून पाणी बंद ठेवले आहे” हे वाक्य ऐकावयास मिळते, आणि पुष्कळदा त्याला “वैद्यांनीच सांगितले” अशी पुस्ती जोडलेली असते. पेलाभर पाणी एकदम दिले तर ते उलटून पडणारच. एक-एक चमचा, दर एक-दोन मिनिटांनी दिलेले पाणी बहुधा राहते. उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पुन्हा आरंभ करावा. हे काम कंटाळवाणे आहे व रात्री जागून करावे लागते, म्हणून ते कोणी करावयाचे हे घरातील एका व्यक्तीला नाव घेऊन सांगावे.

मुखाने दिलेल्या जलाचे सामर्थ्य किती आहे याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. १९७१ साली बनगाव येथील बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत विसूचिकेची साथ पसरली व शिरेतून देण्याचे द्रव संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी साखर-मिठाचे द्रावण पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

चिकित्सालयात काय पाहावे

मध्यम जलशुष्कतेत रुग्ण अस्वस्थ व चिडचिडा असतो, पाणी अधाशीपणे पितो आणि त्वचा सावकाश पूर्ववत होते. हा रुग्ण आपल्या देखरेखीखाली ठेवता येतो. किलोमागे ७५ मिलिलिटर या मानाने ओआरएस चार तासांत द्यावयाचे असते. दहा किलो वजनाच्या बालकास पाऊण लिटर. या चार तासांत तासातासाने नोंद करावी. चार तासांच्या अखेरीस मूत्र आले नाही, रुग्ण अधिक सुस्त झाला किंवा दिलेले सर्व बाहेर पडत असेल, तर आणखी एका कल्पाची वाट न पाहता त्यास पाठवावे. “ही मात्रा देऊन पाहू” असे म्हणण्यातच पुष्कळ रात्री वाया गेल्या आहेत.

तीव्र अवस्थेचा रुग्ण मात्र चार तासही थांबविता कामा नये. प्रौढात आठ तास व तान्ह्या मुलात सहा तास मूत्र नसणे, उठून बसताच भोवळ येणे, हातपाय थंड पडणे, नख दाबून सोडल्यावर लाली तीन सेकंदांतही परत न येणे, प्रकुंचनी रक्तदाब ९० पेक्षा खाली असणे, यांपैकी काहीही दिसले की गाडी मागवावी. त्वचेची चिमटी वृद्धांत व कुपोषित बालकांत फसविते; तेथे जीभ, मूत्र व नाडी यांवर भर द्यावा. बालकाचे रडताना अश्रू येत नसतील किंवा टाळू खोल गेली असेल, तर तेवढे पुरेसे आहे.

ग्रामीण भागात “सलाईन लावा” हा रुग्णाचा आग्रह आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्याला पिता येते त्याला बाटलीची गरज नसते. ज्याला खरोखर गरज असते त्याला पाच टक्के डेक्स्ट्रोजची एक बाटली चार तासांत थेंब-थेंब लावून काही साधत नाही. तीव्र जलशुष्कतेत रिंगर लॅक्टेट किलोमागे १०० मिलिलिटर द्यावे लागते. एक वर्षावरील रुग्णात त्यातील ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासात व उरलेले ७० पुढील अडीच तासांत जावे लागते. ही गती, सतत देखरेख व रक्ततपासणी जेथे शक्य आहे तेथेच हा रुग्ण असावा. आपल्याकडील एका बाटलीने घरच्यांना “उपचार चालू आहेत” असे वाटते आणि निघण्यास उशीर होतो.

उलटी पोटाची नसते तेव्हा

आतापर्यंतचे विवेचन आमाशयातून उद्भवणाऱ्या छर्दीचे झाले. पण पुष्कळ वेळा छर्दी हे अन्यत्र असलेल्या व्याधीचे केवळ एक लक्षण असते, आणि तेथे जलशुष्कता किती आहे हे पाहत बसणेही धोक्याचे ठरते.

पन्नाशीचा, मधुमेही किंवा धूम्रपान करणारा रुग्ण “जळजळ, मळमळ व एक-दोन उलट्या” सांगत आला आणि त्याला दरदरून घाम सुटलेला असेल, तर अम्लपित्त हे निदान ईसीजी निघेपर्यंत मनात आणू नये. हृदयाच्या खालच्या भागाचा झटका असाच येतो. छातीत दुखत नाही म्हणून तो नाकारता येत नाही, विशेषतः मधुमेहींमध्ये व स्त्रियांमध्ये.

उलट्या होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची रक्तशर्करा ग्लुकोमीटरवर पाहावी, असे आग्रहाने सुचवावेसे वाटते. पोटदुखी, उलट्या, खोल व जलद श्वास आणि फुप्फुसे स्वच्छ, असे चित्र दिसले तर मधुमेहातील कीटोअॅसिडोसिस समजावा. कृश मुलामुलींत मधुमेहाचे पहिले दर्शन असेच होते. मूत्रावाटे शर्करा घालविणाऱ्या नव्या गोळ्या (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन इत्यादी) घेणाऱ्यांत रक्तशर्करा फारशी वाढलेली नसतानाही हा उपद्रव होऊ शकतो, हे ध्यानी ठेवावे.

पित्तज छर्दी पीत-हरित वर्णाची असते हे आपण शिकलो. प्रौढात वारंवार उलट्या होऊन आमाशय रिकामे झाले की हिरवे पित्त पडते आणि त्याला फारसा अर्थ नसतो. परंतु नवजात व तान्ह्या बालकाची हिरवी उलटी ही आतड्याला पीळ पडल्याची खूण असू शकते. तेथे पित्तशामक चिकित्सेचा विचारही न करता बालकास बालशल्यचिकित्सकाकडे पाठवावे. पोट फुगलेले, वायू व मल दोन्ही बंद आणि उलटीस मलगंध, किंवा जांघेतील अंतर्गळ घट्ट होऊन दुखू लागलेला, हे रुग्णही त्याच वाटेने जावयाचे.

आपल्या प्रदेशातील दोन प्रसंग स्वतंत्रपणे सांगावेसे वाटतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला रुग्ण पहाटे पोटदुखी व उलटीने जागा होतो. दंश झाल्याचे त्याला ठाऊक नसते, कारण मण्याराचा दंश बहुधा दुखत नाही. पापण्या मिटू लागल्या असतील, गिळता येत नसेल, बोलणे बोबडे झाले असेल, तर ती छर्दी विषाची आहे. दुसरा प्रसंग फवारणीच्या हंगामातला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी व शेतमजूर दगावले, हे आपल्या स्मरणात असेल. फवारणी करून आलेल्या माणसास उलट्या, लाळ व घाम असेल आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर त्याचे कपडे काढून अंग धुवावे व रुग्णवाहिका बोलवावी.

डोक्याला मार लागल्यानंतरच्या उलट्या, मान ताठ होऊन ज्वरासह येणाऱ्या उलट्या, रक्ताची किंवा कॉफीच्या गाळासारखी उलटी, यांविषयी वेगळे लिहिण्याची आवश्यकता नाही. गर्भिणीच्या बाबतीत मात्र दौहृदजा म्हणून सर्वच उलट्या सोडून देऊ नयेत. चोवीस तासांत काहीच पोटात न राहणे, वजन घटणे, मूत्र गडद व अल्प होणे ही भरतीची कारणे आहेत. विसाव्या आठवड्यानंतर प्रथमच उलट्या सुरू होऊन डोके दुखत असेल किंवा बरगडीखाली दुखत असेल, तर प्रथम रक्तदाब पाहावा. दीर्घकाळ उलट्या झालेल्या रुग्णास थायमिन देण्यापूर्वी ग्लुकोज शिरेतून दिल्याने मेंदूस अपाय होऊ शकतो. घाईने डेक्स्ट्रोज न लावण्याचे हेही एक कारण आहे.

औषधविक्रेत्यांसाठी

छर्दीचा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्या दुकानाच्या फळीपाशी येतो, किंवा स्वतः न येता कोणाला तरी पाठवितो. “उलटीवर काहीतरी द्या” म्हणणाऱ्या त्या निरोप्याला चार प्रश्न विचारण्यास एक मिनिट लागते. रुग्णाचे वय काय, लघवी केव्हा झाली, पाणी राहते काय, आणि रोजच्या गोळ्या कोणत्या. रक्तदाबाच्या मूत्रल गोळ्या, मेटफॉर्मिन, वेदनाशामके घेणारा वृद्ध असेल तर त्यास त्याच दिवशी डॉक्टरांना विचारण्यास सांगावे. त्या गोळ्या चालू ठेवाव्यात की थांबवाव्यात हे आपण ठरवू नये. एकाच घरून एकाच दिवसात तिसऱ्यांदा कोणी आले तर औषध न देता रुग्णालयाचा पत्ता द्यावा. विक्री बुडेल, पण गिऱ्हाईक टिकेल.

ओआरएसच्या पुड्यांबाबत विशेष दक्षता हवी. २००२ पासून प्रचलित असलेल्या सूत्रात एका लिटरसाठी ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराईड १.५ ग्रॅम व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५ ग्रॅम असतात. फळांच्या चवीची, साखरेने भरलेली पेये याच नावाने विकली जात असत. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात व वेष्टनावर ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली. जुना साठा फळीवर असल्यास काढून ठेवावा, कारण अतिसाराच्या बालकास अधिक साखर दिल्याने अतिसार वाढतो. मोठी पुडी अर्ध्या पेल्यात कालवून पाजण्याची चूक आजही सर्रास होते. पुडी देताना एक लिटरचे भांडे कोणते हे बोटाने दाखवावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर व अर्धा चमचा मीठ. मीठ घातलेला लाजामंड किंवा पेज हीही चालते. मयूरपिच्छा मषी किंवा एलादि चूर्ण मधातून देण्याची सवय असली तरी एक वर्षाच्या आतील बालकास मध देऊ नये.

पाठविताना

रुग्ण पाठविणे म्हणजे चिठ्ठीवर “पुढील उपचारासाठी” असे लिहून मोकळे होणे नव्हे. पहिली उलटी केव्हा झाली, मूत्र शेवटचे केव्हा झाले, वजन, नाडी, रक्तदाब, रक्तशर्करा आणि आपण दिलेली औषधे वेळेसह लिहावीत. रसकल्प दिले असल्यास त्यांची नावे पूर्ण लिहावीत. संकोचाने ती लपविली तर मूत्रपिंडाचा विचार करणाऱ्या चिकित्सकाची दिशाभूल होते. १०८ क्रमांकास दूरध्वनी आपण स्वतः करावा, नातेवाइकांवर सोपवू नये. गाडी येईपर्यंत जो शुद्धीवर आहे व गिळू शकतो त्यास चमच्याने ओआरएस चालू ठेवावे. ज्याच्या बाबतीत शल्यकर्माची शंका आहे त्यास मुखाने काही देऊ नये. गुंगी आलेल्यास कुशीवर झोपवावे, म्हणजे उलटी श्वासमार्गात जाणार नाही.

बरा होऊन परतलेल्या रुग्णाचे प्रकरण तेथे संपत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांतील अनेकांना आधी उलट्या-जुलाब झालेले होते. उलट्या थांबल्यावर पुढील काही आठवड्यांत पायांत मुंग्या, जिना चढताना अशक्तता असे कोणी सांगितले, तर बलहानी म्हणून बल्य कल्प न देता त्याच दिवशी तपासणीस पाठवावे. आमचे ते शिक्षक अजूनही दर श्रावणात चिकित्सालयात येतात. आता ते आपल्या सर्व गोळ्यांची यादी खिशातून काढून आधी मेजावर ठेवतात, मग बसतात.